रोग रेड्याला, औषध पखालीला

कीटकनाशकांमुळे पुरुषाच्या जननक्षमतेला जी हानी पोचते ती आहारातील विशिष्ट द्रव्यांच्या साहाय्याने काही अंशी भरून काढता येते, अशा आशयाचे शोधनिबंध देशोदेशींच्या प्रयोगशाळांतून गेली काही दशके सातत्याने प्रसिद्ध होत आहेत. प्रयोगाची रीत बहुधा एकच असते. उंदरांचे तीन-चार गट करायचे; एकाला नुसता आहार, दुसऱ्याला आहारासोबत ठरावीक मात्रेने कीटकनाशक, तिसऱ्याला कीटकनाशक आणि त्याच्या जोडीला क किंवा ई जीवनसत्त्व. काही आठवड्यांनी दुसऱ्या गटातील उंदरांचे शुक्रजंतू संख्येने घटलेले, मंदावलेले, वेडेवाकडे झालेले आढळतात. तिसऱ्या गटाची अवस्था त्यांच्याहून बरी असते. पहिल्या गटाइतकी चांगली मात्र ती बहुधा नसते. शास्त्रज्ञाचा निबंध येथे संपतो आणि जाहिरातदारांचे काम येथून सुरू होते. ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द आता औषधांच्या दुकानापासून चहाच्या पुड्यापर्यंत सर्वत्र छापलेला दिसतो, आणि त्याच्या आडून डब्यांतून व बाटल्यांतून पौरुषाची विक्री बिनदिक्कत चाललेली असते. आपल्याकडे आयुर्वेदाने वाजीकरण ही आठ अंगांपैकी एक मानलेली असल्याने गिऱ्हाईक आधीच तयार आहे.

आम्ही रसायनशास्त्राचे विद्यार्थी नव्हे, आणि या प्रयोगांच्या सचोटीबद्दल शंका घेण्याचा आमचा हेतू नाही. आमची हरकत आहे ती त्यांतून काढल्या जाणाऱ्या सोयीस्कर निष्कर्षाला. प्रयोगशाळेतील उंदराला विष आणि उतारा या दोन्ही गोष्टी एकाच हाताने, तोलूनमापून मिळतात. कपाशीच्या शेतात किंवा आंब्याच्या बागेत फवारणीचा पंप चालवणाऱ्या माणसाच्या अंगावर किती विष पडते ते कोणी मोजलेले नसते, आणि उतारा त्याच्या ताटात कोणी वाढलेला नसतो. हा फरक दृष्टीआड करून आहाराची महती गात राहणे म्हणजे विषाची जबाबदारी विष विकणाऱ्याच्या खांद्यावरून काढून ते ज्याच्या अंगावर पडते त्याच्या चुलीवर ठेवणे होय.

या प्रश्नाची दोन्ही टोके हैदराबाद शहरात एकत्र सापडतात, म्हणून तेथूनच सुरुवात करणे योग्य. तारनाका भागातील राष्ट्रीय पोषण संस्था ही आपल्या देशातील आहारविषयक संशोधनाची गंगोत्री. १९१८ साली कुन्नूरच्या पाश्चर संस्थेतील एका खोलीत रॉबर्ट मॅक्कॅरिसन या डॉक्टरांनी बेरीबेरी या रोगाच्या शोधार्थ जे काम आरंभले, त्याचेच हे विस्तारलेले रूप. १९५८ साली ही संस्था हैदराबादेस आली आणि १९६९ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. मॅक्कॅरिसन यांनी पारव्यांना जीवनसत्त्वहीन तांदळावर ठेवून पाहिले, तेव्हा त्यांच्या शरीरातील जे अवयव सर्वाधिक आक्रसले त्यांत वृषणांचा क्रम फार वरचा होता. अन्न निकृष्ट असेल तर शरीर प्रथम वंशवृद्धीची शक्ती गमावते, हे शंभर वर्षांपूर्वी एका भाताच्या दाण्यावरून सिद्ध झाले. भात हेच ज्यांचे मुख्य अन्न त्या आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. याच संस्थेने २०२० मध्ये प्रौढ पुरुषाची क जीवनसत्त्वाची दैनंदिन गरज ४० मिलिग्रॅमवरून ८० मिलिग्रॅमपर्यंत वाढविली. शंभर ग्रॅम पेरूत ते दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते, आणि आवळा तर त्याहूनही उदार. म्हणजे निसर्गाने औदार्यात कसूर केलेली नाही.

आता दुसरे टोक. त्याच शहरात, बेगमपेठेत, उस्मानिया विद्यापीठाची अनुवंशशास्त्र संस्था आहे. १९९१ साली तेथील रूपा आणि रेड्डी प्रभृती संशोधकांनी कपाशीच्या शेतांत फवारणी करणाऱ्या पुरुषांच्या संसाराची पाहणी प्रसिद्ध केली. हजारांहून अधिक जोडपी फवारणी करणाऱ्यांची आणि तुलनेसाठी जवळपास तितकीच न करणाऱ्यांची, असा तिचा व्याप होता. फवारणी करणाऱ्यांत अपत्यप्राप्ती झालेल्या पुरुषांचे प्रमाण लक्षणीय रीतीने कमी भरले. त्यांच्या बायकांचे गर्भपात अधिक, मृतजन्म अधिक, जन्मल्यानंतर थोड्याच दिवसांत दगावलेली मुले अधिक, व्यंग घेऊन आलेली मुले अधिक. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की पंप पुरुषाच्या पाठीवर होता आणि गर्भ मात्र स्त्रीच्या पोटातला गळत होता. विष पित्याच्या बीजातून पुढच्या पिढीत उतरत असावे, या शंकेला या पाहणीने बळ दिले.

ज्या काळातली ही पाहणी, त्या काळी देशातील लागवडीखालच्या जमिनीपैकी जेमतेम पाच टक्के जमीन कपाशीखाली होती आणि कीटकनाशकांपैकी निम्म्याच्या आसपास साठा एकट्या कपाशीवर ओतला जात होता. डीडीटी-बीएचसीच्या कुळातील क्लोरीनयुक्त औषधे, ऑरगॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट अशा तिन्ही जातींची औषधे फवारणारा एकाच हंगामात हाताळी. कपाशीच्या काळ्या जमिनीची ही कथा आहे. परभणी-नांदेडच्या शेतकऱ्याला ती परकी वाटण्याचे काहीच कारण नाही.

योगायोग असा की त्याच १९९१ साली अमेरिकेत बर्कले येथील ब्रूस एम्स यांच्या प्रयोगशाळेतून दुसरा एक निबंध बाहेर पडला. काही पुरुषांच्या आहारातील क जीवनसत्त्व दिवसाला २५० मिलिग्रॅमवरून अवघ्या ५ मिलिग्रॅमवर आणले असता त्यांच्या शुक्रजंतूंमधील जनुकद्रव्याची ऑक्सिडीकरणाने होणारी नासधूस जवळजवळ दुप्पट झाली. जीवनसत्त्व परत दिले, नासधूस कमी झाली. यामागचे कारण समजण्यास अवघड नाही. शुक्रजंतूचे आवरण अतिशय नाजूक स्निग्धाम्लांचे बनलेले असते, आणि हलके व चपळ होण्याच्या नादात त्याने पेशीतला बहुतेक जीवद्रव टाकून दिलेला असतो. दुरुस्तीची सामग्री जी काही असते ती त्या जीवद्रवातच असते. म्हणजे हा असा जासूद की ज्याने वेगासाठी ढाल आणि शिधा दोन्ही घरी ठेवली. लोखंडाला जसा गंज चढतो तसा ऑक्सिजनच्या उपद्रवी कणांचा हल्ला त्याच्यावर सहज होतो. अनेक कीटकनाशके हे कण वाढवितात, आणि क व ई जीवनसत्त्वे त्यांना काही प्रमाणात थोपवितात. येथवर आहारवादी मंडळींचे म्हणणे बिनतोड आहे.

परंतु येथून पुढे पुरावा त्यांची साथ सोडतो. २०२० साली अमेरिकेत वंध्यत्वाच्या तक्रारी असलेल्या पुरुषांना क आणि ई जीवनसत्त्वे, सेलेनियम, जस्त, लायकोपीन आदींची एकत्रित गोळी देऊन काटेकोर चाचणी घेण्यात आली. खोटी गोळी घेणारे आणि खरी गोळी घेणारे यांच्यात फरक पडला नाही. त्याच वर्षी २,३७० जोडप्यांवर झालेल्या दुसऱ्या चाचणीत पुरुषांना दिलेल्या फॉलिक आम्ल व जस्त यांनी अपत्यजन्माचे प्रमाण वाढले नाही; वाढल्या त्या पोटाच्या तक्रारी. हे पुरुष फवारणी करणारे नव्हते, हे खरे. पण ज्यांच्या अंगावर विष पडत नाही त्यांनाही गोळी तारीत नसेल, तर ज्यांच्या अंगावर ते रोज पडते त्यांना ती तारील असे कोणत्या आधारावर सांगायचे? उलट २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका समालोचनात जगभरातील २५ पाहण्या एकत्र तपासून असे दाखविण्यात आले की ऑरगॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट औषधांशी अधिक संबंध आलेल्या पुरुषांच्या वीर्यातील शुक्रजंतूंचे प्रमाण कमी असते.

बॉस्टन येथील एका रुग्णालयात उपचारासाठी आलेल्या १५५ पुरुषांची पाहणी तर या वादावर मोठेच उपरोधिक भाष्य करते. ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्या फळभाज्यांवर कीटकनाशकांचे अवशेष अधिक राहतात त्या सर्वाधिक खाणाऱ्या पुरुषांच्या शुक्रजंतूंची एकूण संख्या त्या कमीत कमी खाणाऱ्यांपेक्षा ४९ टक्क्यांनी कमी भरली. जीवनसत्त्वे मिळावीत म्हणून खाल्लेले फळ ज्या ताटात आले, त्याच ताटात त्याच फळाच्या सालीवर बसून विषही आले! पाहणी लहान आहे आणि एवढ्यावरून कोणी फळे खाणे सोडावे असे तिचे कर्तेही म्हणत नाहीत. आम्हीही म्हणत नाही. मात्र ‘अन्न सुधारा म्हणजे विष निवेल’ असा उपदेश करणाऱ्यांनी अन्न आणि विष आता एकाच टोपलीतून येतात हे विसरू नये.

उंदरांनी दिलेला इशारा माणसांच्या कामी वेळेवर आला असता तर काय टळले असते, याचे उदाहरण इतिहासात नोंदलेले आहे. डीबीसीपी नावाचे जमिनीतील सूत्रकृमी मारणारे एक औषध होते. त्याने उंदरांची वृषणे आक्रसतात हे १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात लिहिलेले होते, आणि ते संशोधन ज्यांच्यासाठी झाले होते त्या कंपन्या तेच औषध विकीत होत्या. तरीही विक्री चालू राहिली. १९७७ साली कॅलिफोर्नियातील लॅथ्रॉप येथील कारखान्यात कामगारांच्या आपापसांतल्या गप्पांतून ही गोष्ट बाहेर आली, की आपल्यापैकी कित्येकांना अलीकडे मूलच झालेले नाही. तपासणी झाली तेव्हा अनेकांच्या वीर्यात शुक्रजंतू औषधालाही सापडेनात. म्हणजे जे उंदरांनी सांगितले होते तेच सोळा वर्षांनी माणसांनी स्वतःच्या संसाराची किंमत देऊन पुन्हा सांगितले. कोस्टारिकासारख्या देशांतील केळीच्या बागांत हजारो मजूर याच औषधाने निर्बीज झाले. अमेरिकेत १९७९ पर्यंत त्याचा बहुतेक वापर थांबविण्यात आला. भारतात बंदी आली ती १९८९ मध्ये. मधल्या दहा वर्षांचा जाब आजवर कोणी कोणाला विचारलेला नाही.

आणि दूरदेशीचे कशाला? आपल्याच किनाऱ्यावर, मंगळूरच्या दक्षिणेस कासरगोड जिल्ह्यात काजूच्या सरकारी मळ्यांवर सत्तरीच्या दशकाच्या अखेरीपासून २००० सालापर्यंत हेलिकॉप्टरमधून एन्डोसल्फान फवारण्यात आले. कशासाठी, तर काजूच्या कोवळ्या पालवीतला रस शोषणाऱ्या ढेकण्यासाठी. हा कीडा आमच्या डोंगरउतारांवरील काजूलाही चांगला परिचयाचा आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तेथील पद्रे गावात ११७ मुलग्यांची तपासणी केली आणि तुलनेसाठी दुसऱ्या गावातले ९० मुलगे घेतले. वये दहा ते एकोणीस. २००३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की फवारणीखालच्या मुलांना वयात येण्यास विलंब होत होता आणि वयोमानाने त्यांच्या रक्तातील पुरुषत्वाचे संप्रेरक कमी होते. या मुलांनी पंप पाठीवर घेतला नव्हता. ती केवळ त्या आकाशाखाली राहात होती. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने एन्डोसल्फानवर बंदी घातली. पद्रे गावात कोणी त्या मुलांना तोपर्यंत आवळा खा असा सल्ला देत बसले असते तर ती क्रूर थट्टा ठरली असती.

आता आंब्याकडे वळू. मार्गशीर्षात हापूसला मोहोर येऊ लागला की रत्नागिरी, देवगडकडील बागांत तुडतुड्यांविरुद्ध फवारणी सुरू होते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्यासाठी वेळापत्रक आखून दिलेले आहे. फुलकिडे अनावर झाले की बागायतदार त्याच्या पलीकडेही जातात, कारण वर्षाचे सारे उत्पन्न त्या एका मोहोरावर असते. बागायतदाराला आम्ही खलनायक ठरवीत नाही. तोही कर्जाच्या काट्यावर उभा आहे. परंतु झाडाखाली उभा राहून नळी आभाळाकडे धरणारा गडी (आता पुष्कळदा तो नेपाळातून आलेला असतो) स्वतःच उडविलेल्या तुषारांत न्हाऊन निघतो. अंगात सदरा, डोक्याला टॉवेल, बहुधा पायांत चप्पल. शुक्रजंतू तयार होण्यास अडीच महिन्यांच्या आसपास काळ लागतो. म्हणजे मार्गशीर्षात अंगावर पडलेल्या विषाचा हिशेब शिमग्याच्या सुमारास निघायचा, तेव्हा फवारणी संपलेली असते आणि दोहोंचा संबंध जोडण्याचे त्याच्या स्वप्नातही येत नाही. संपर्क तुटला तर पुष्कळांच्या बाबतीत हानी भरून येते, ही त्यातली आशेची बाजू. पण दरवर्षी मोहोर येतो आणि दरवर्षी संपर्क नव्याने जुळतो.

त्याने हातमोजे, मुखवटा, रबरी बूट वापरावेत असे १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम सांगतात. हा कायदा तरी कसा झाला? १९५८ साली केरळात पॅराथिऑन मिसळलेल्या पिठाने शंभराहून अधिक माणसे दगावली, त्यानंतर दहा वर्षांनी. आमच्या दमट उष्म्यात तो सगळा पोशाख चढवून दोन तास काम करून दाखवावे, असे आव्हान आम्ही नियम लिहिणाऱ्यांना देतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व आरोग्य संघटनांची कीटकनाशकविषयक आचारसंहिताच असे म्हणते की ज्या औषधांसाठी त्रासदायक व महागडा संरक्षक पोशाख लागतो ती उष्ण प्रदेशातील लहान शेतकऱ्यांनी व मजुरांनी वापरण्याचे टाळावे. तात्पर्य, पोशाख न घालणारा मजूर गुन्हेगार नसून ते औषध त्याच्या हाती देणारी व्यवस्था चुकत आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत फवारणी करताना वीसहून अधिक माणसे मेली, शेकडो रुग्णालयात गेली, आणि त्या वेळीही प्रथम बोट दाखविले गेले ते मजुराच्या निष्काळजीपणाकडेच. जे मेले त्यांची गणती झाली. जे वाचून घरी गेले त्यांच्या घरी पुढे पाळणा हलला की नाही, ही गणती कोणत्या खात्याने करायची?

ही गणती होत नाही, कारण आपल्या समाजात तिची नोंद दुसऱ्याच खात्यावर पडते. मूल न होण्याला मराठीने जो रोजचा शब्द दिला आहे तो स्त्रीलाच लागतो. पुरुषासाठी जो आहे तो वेगळ्याच उणिवेचा आहे आणि त्या दोन गोष्टींची आपण सर्रास गल्लत करतो. परिणामी धडधाकट, मिशीला पीळ देणाऱ्या पुरुषाच्या बीजात दोष असू शकतो ही कल्पनाच घरात शिरू दिली जात नाही. यज्ञ दशरथाने केला आणि पायस राण्यांना वाटले गेले, त्या काळापासून ही वहिवाट चालत आली आहे. वास्तविक अपत्यहीन जोडप्यांपैकी निम्म्यांच्या आसपास पुरुषाचा दोष पूर्णतः किंवा अंशतः कारणीभूत असतो. तरी नवस तिने बोलायचे, उपास तिने करायचे, डोहाळजेवणाच्या आमंत्रणातून नाव तिचे गळायचे, डॉक्टरांच्या सुया तिने टोचून घ्यायच्या, आणि अखेर सवत किंवा माहेर यांतून एकाची निवडही तिनेच करायची. नवऱ्याच्या वीर्याची तपासणी ही या सर्वांहून साधी, स्वस्त व वेदनारहित. पण ती शेवटी होते, किंवा होतच नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला ही म्हण रचणाऱ्याने आपले घरच पाहून ती रचली असावी.

सरकारच्या बाबतीतही तेच. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने २७ कीटकनाशकांवर बंदी घालण्याचा मसुदा प्रसिद्ध केला होता. मग हरकती आल्या, समित्या बसल्या, आणि २०२३ साली आदेश निघाला तेव्हा त्यांतली मोजकीच नावे उरली. खेड्यात कोणते औषध किती मारायचे हे सांगतो कोण? तर ते विकणारा दुकानदार. एक औषध चालत नाही म्हटल्यावर दोन मिसळण्याचा सल्लाही तोच देतो. कृषी अधिकारी कागदावर असतो.

आहाराविषयी आमचे म्हणणे कोणी उलटे घेऊ नये. फवारणी करणाऱ्या मजुराला पोटभर नाचणी, तांबडी भाजी, शेवग्याचा पाला, पेरू-आवळा आणि ताजे मासे मिळालेच पाहिजेत. उपाशी शरीरावर विष अधिक चढते, आणि हा मजूर बहुधा अर्धपोटीच असतो. ते त्याला मिळावे ते त्याचा माणूस म्हणून हक्क आहे म्हणून. विष सोसण्याची ताकद यावी म्हणून नव्हे. कारखानदाराने दुधाची बाटली देऊन धुराची भरपाई केल्याचे समाधान मानावे, तसला हिशेब येथे नको.

मोहोर येण्यापूर्वी करता येतील अशा गोष्टी आहेत. कोणत्या बागेत कोणते औषध, किती वेळा, कोणाच्या हातून फवारले याची वही बागायतदाराने ठेवावी आणि आरोग्य केंद्राने ती पाहावी. अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती पंप देणे हा गुन्हा मानून त्याचा अंमल व्हावा. पद्रेच्या मुलांनी त्याचे कारण आधीच सांगून ठेवले आहे. हंगामाच्या आधी आणि नंतर मजुराच्या रक्तातील कोलिनेस्टरेजची तपासणी व्हावी. ती फार खर्चाची नाही. उस्मानिया विद्यापीठाने कपाशीच्या शेतांत जी पाहणी केली तशी पाहणी कोकणातल्या आंबाबागांत करण्याचे काम दापोलीचे विद्यापीठ आणि हैदराबादची पोषण संस्था यांनी मिळून अंगावर घ्यावे, आणि तिच्यात मजुराच्या ताटातले अन्नही मोजावे. जिल्हा रुग्णालयात पुरुषांच्या तपासणीची सोय विनामूल्य असावी, आणि अपत्य नाही म्हणून तेथे आलेल्या कोणत्याही बाईच्या केसपेपरवर डॉक्टरांनी पहिला प्रश्न हा लिहावा, की नवरा काय काम करतो.